वर्षाच्या आतला फोटो

“मूल जरा वर धरा, मॅडम. तोंड उजेडाकडे. हां, असं. आणि बाटली दिसू दे.”

दुभाष्या बाईचं इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. तिच्या शेजारी कॅमेरेवाला एक गुडघा टेकून बसला होता. मधल्या टेबलावर पांढरं कापड, आणि कापडावर दुधाच्या बाटल्या. खरं दूध. वरच्या बाजूला सायीचा पिवळसर थर धरलेलं. उन्हाळ्यापासून मी असं दूध पाहिलं नव्हतं.

“फोटो कशाला?” मी विचारलं.

“आठवण म्हणून.”

“कुणाला?”

ती हसली. “तुम्ही कॉलेजात शिकलेल्या दिसता. मग मला कशाला बोलायला लावता?”

चिमी माझ्या खांद्यावर होती, दोन शालींत गुंडाळलेली. रडत नव्हती. रडायची तोवर मला धीर होता. आदल्या दिवसापासून तिनं रडणं सोडलं होतं, नुसती बघायची. तिची टाळू खोल गेली होती; टोपी काढली की बोट बसेल एवढा खळगा दिसे. मी टोपी काढायची नाही असं ठरवत होते आणि दर थोड्या वेळानं काढून बघत होते.

“फोटोशिवाय नाही का देता येणार?”

“येईल की. आमच्या भागात नाव नोंदवा, रोज न्या. कोळसासुद्धा मिळेल. नाव नको असेल तर फोटो.” मग तिनं आवाज खाली आणला. “मलाही वर जाऊन काहीतरी दाखवावं लागतं हो, बाई.”

हे बर्लिन. सन अठ्ठेचाळीस, नोव्हेंबर. आता ही गोष्ट मुलं इतिहासाच्या पुस्तकात वाचतात. लढाई संपल्यावर शहराचे तुकडे करून जिंकलेल्यांनी वाटून घेतले होते. पूर्वेचा तुकडा रशियाचा; पश्चिमेचे अमेरिका, इंग्लंड, फ्रान्सचे. आणि सगळ्या शहराच्या चहूबाजूंनी रशियाच्या ताब्यातला मुलूख. दोन्ही बाजूंचं बिनसलं, तसं रशियानं पश्चिम भागाकडे येणारे रस्ते, आगगाड्या, कालवे, सगळं बंद केलं. म्हणे दुरुस्ती काढलीय. मग अमेरिकन आणि इंग्रज कोळशापासून मिठापर्यंत सारं विमानांनी आणू लागले. आम्ही पश्चिम भागात राहत होतो. हे आपल्या कचेरीत स्टेनो होते. देश नुकताच स्वतंत्र झालेला, बर्लिनमध्ये आपली एक छोटीशी कचेरी, आणि तिचा पहिला नियम हा, की आपण कुणाच्याच बाजूचे नाही. रशियाच्या भागात नाव नोंदवलं असतं तर त्याच दिवशी यांची नोकरी गेली असती.

विमानातून दूध यायचं ते भुकटीचं. चिमीच्या पोटात ते ठरेना. मला सप्टेंबरात ताप आला आणि माझं दूध आटलं. तेव्हापासून ती भुकटी प्यायची आणि ओकायची. मग जुलाब. डॉक्टर म्हणाले, “ताजं दूध बघा, नाहीतर हिला शहराबाहेर मोठ्या इस्पितळात न्या. इथं माझ्याकडे दिवे आहेत ते दिवसातून दोनदा.” बाहेर जायचं म्हणजे परत जाणाऱ्या विमानात जागा हवी. अर्ज केव्हाच दिला होता. आमच्यासारखे हजारो होते.

यांचा धीर सगळा रेडिओवर. “बोलणी चालू आहेत, कुंदा. इतक्या टोकाला गेलं की कुणीतरी माघार घेतोच.” ऑक्टोबरात बातमी फुटली की अमेरिकेचे प्रेसिडेंट आपला खास माणूस मॉस्कोला पाठवणार, थेट स्टालिनशी बोलायला. त्या दिवशी मी त्या न पाहिलेल्या माणसासाठी देवापुढे हात जोडून बसले होते. त्याचं विमान सुखरूप जाऊ दे, त्याला बोलणं सुचू दे. दोन-चार दिवसांत बेत रद्द झाला. पुढे अमेरिकेत निवडणूक झाली, तेच प्रेसिडेंट ट्रूमन निवडून आले, सगळी गल्ली खूश झाली. ते शहर सोडून जाणार नाहीत, म्हणून. मलाही बरं वाटलं. पण चिमीच्या दुपट्याला ओल लागेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मोठी माणसं हटत नाहीत ती आपल्यासारख्यांच्या जिवावर. म्हणून यांना न सांगता भुयारी रेल्वेत बसले आणि पूर्वेकडे आले.

आणि आता ती बाई फोटो मागत होती.

मिरजेच्या स्टेशनावर गाडी हलायच्या आधी सासूबाईंनी खिडकीतून माझं मनगट धरलं होतं. चिमी तेव्हा चार महिन्यांची. “कुंदा, वर्ष होईस्तोवर हिचा फोटो काढायचा नाही. साहेबाच्या देशात दारोदारी कॅमेरे असतील, भुलायचं नाही. आणि रोज तीट.” त्यांचं पहिलं मूल, यांचा थोरला भाऊ, आठ महिन्यांचा असताना सांगलीच्या फोटोवाल्यानं त्याचा फोटो काढला आणि महिना उलटायच्या आत ते गेलं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मी बी.ए. झालेली, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण यांच्याकडे कचेरीचा कॅमेरा असून मी कधी चिमीसमोर तो उघडू दिला नाही. विश्वास नव्हता, तसं धाडसही नव्हतं. तीट मात्र रोज लावायची. मिरजेहून आणलेली काजळाची डबी होती. त्या सकाळीही लावली होती.

कॅमेरेवाल्यानं चिमीच्या गालाकडे बोट करून काहीतरी विचारलं.

“तो विचारतोय, हा काळा डाग आजाराचा आहे का? छापताना बरा दिसणार नाही.”

“आजाराचा नाही. कुणाची नजर लागू नये म्हणून लावतात आमच्याकडे.”

तिनं त्याला सांगितलं. तो काही बोलला.

“म्हणतो, कॅमेऱ्याची नजर लागत नसते.”

मी बाटली उजेडात धरली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. चिमीनं पापणीसुद्धा हलवली नाही.

*

आमच्या घरमालकीणबाई, फ्राऊ हाइन्त्से, साठीच्या, उंच, काटकुळ्या. मेलेल्या नवऱ्याचा ओव्हरकोट घरातसुद्धा घालून असायच्या. खिडक्यांच्या फटीत त्यांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कोंबल्या होत्या आणि खिडकीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. “ऊब विमानातून येत नाही, फ्राऊ वाटवे,” म्हणायच्या. “आहे तेवढीच आहे.”

मी पिशवीतून बाटल्या काढल्या. त्यांनी एक उचलली, झाकण पाहिलं आणि खाली ठेवली, गरम वस्तू ठेवावी तशी.

“पलीकडचं?”

“हो.”

“ते माझ्या शेगडीवर तापणार नाही.”

“फ्राऊ हाइन्त्से—”

“मी बटाट्याची भुकटी खाते. गाजराची भुकटी खाते. अंड्याचीसुद्धा भुकटी! का खाते? पलीकडे तीन स्टेशनांवर ताजे बटाटे मिळतात, माहीत नाही का मला? सगळी गल्ली भुकटी खाते, पण तिकडे नाव नोंदवत नाही. आणि माझ्या घरातून—”

“मी नाव नाही नोंदवलं.”

“मग फुकट दिलं? ते? ते फुकट देतात?”

मी चिमीची टोपी काढली आणि तिला त्यांच्यापुढे धरलं. दुसरं काही मला सुचलं नाही. त्यांनी टाळूकडे पाहिलं. मग ओव्हरकोटाच्या बाह्या वर सारल्या.

“पातेलं द्या इकडे. गॅस आत्ता येईल, आणि लगेच जाईल. तुम्ही उतू घालवाल.”

दूध तापेपर्यंत त्या पातेल्याकडे पाठ करून उभ्या होत्या, पण वास बरोबर आला त्यांना. उतू जायच्या आधी वळल्या.

चिमी प्यायली. थोडं प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. ओकली नाही. संध्याकाळी दुपट्याला ओल लागली. मी ते ओलं दुपटं गालाला लावून बसले होते तेव्हा हे घरी आले आणि दारातच घाबरले.

“काय झालं? कुंदा, काय झालं?”

“शू केली तिनं,” मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.

*

तिसऱ्या दिवशी हे भर दुपारी घरी आले. हातात पूर्वेकडचं वर्तमानपत्र. पहिल्या पानावर मी, साधी पाचवारी, वर यांचा कोट; खांद्यावर चिमी, हातात बाटली. खाली मोठ्या अक्षरांत, की अमेरिकन भुकटीनं मरायला टेकलेलं भारतीय बाळ सोव्हिएत दुधानं वाचलं.

“तुमचे साहेब रागावले?”

“रागावले असते तर बरं. हळूच विचारलं, ‘वाटवे, आपण कुणाच्या बाजूचे?’ मी म्हटलं, ‘कुणाच्याच नाही, सर.’ म्हणाले, ‘मग तुमच्या मिसेस?’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? ‘मुलीच्या,’ म्हटलं.”

मी यांच्याकडे बघत राहिले. एरवी यांना वेळेवर शब्द सुचत नसे.

दूध आदल्या दिवशीच संपलं होतं. पुन्हा तिकडे जायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. आणि मी तरीही जायच्या तयारीत होते. चिमीला आदल्या रात्रीपासून पुन्हा भुकटीवर आणलं होतं आणि पुन्हा तेच सुरू झालं होतं. मी बूट घालत होते तेव्हा हे म्हणाले, “थांब. आणखी एक आहे. विमानतळावरून फोन आला होता. उद्या सकाळच्या विमानात जागा आहे. तुला आणि चिमीला. फ्रँकफुर्टला उतरलात की इस्पितळाची गाडी उभी असेल.”

“इतके दिवस नव्हती ती जागा?”

यांनी वर्तमानपत्राकडे बोट केलं. “हे त्यांनीही वाचलं ना.”

“आणि?”

“आणि काय... एक फोटो. विमानाच्या शिडीवर. साहेब म्हणाले, होऊन जाऊ दे, म्हणजे बरोबरी होईल.”

*

सकाळी विमानतळावर धुकं असं होतं की विमानाची शेपटी दिसे आणि तोंड दिसत नसे. तो अख्खा महिनाच धुक्याचा. एक तरुण अमेरिकन अधिकारी आला, भला वाटला. त्यानं चिमीला “हॅलो, प्रिन्सेस” म्हटलं. कॅमेरेवाला त्याच्या मागे.

“धुकं उठलं की पहिलं विमान तुमचं, मॅम. तोवर फोटो उरकून घेऊ. नंतर घाई होईल.”

मी शिडीवर चढले. अधिकाऱ्यानं खिशातून रुमाल काढला आणि चिमीच्या गालाकडे हात नेला. “काजळी लागलीय. विमानातून कोळसा येतो ना, इथं सगळ्यांनाच लागते.”

मी अंग चोरून चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “ती कोळशाची नाही.”

“ओके, ओके. तिचा हात जरा हलवाल? टाटा करतेय असा?”

मी तिचा हात धरला आणि हलवला. हाताला वजन नव्हतं. पुन्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं.

मग आम्ही शिडी उतरून आत येऊन बसलो. धुकं उठेना. हे दर थोड्या वेळानं काचेपाशी जाऊन यायचे आणि म्हणायचे, “आता जरा पातळ वाटतंय.” मला तसं वाटत नव्हतं, पण मी हो म्हणायचे. चिमीच्या ओठांना मी ओलं फडकं लावत होते. दुपार टळली तशी अधिकारी येऊन म्हणाला की आज काही खरं नाही. इथं शेगडी नाही, बाळाला घरी न्या, उद्या गाडी पाठवतो. त्याचे डोळे चिमीवर टिकेनात. तेव्हाच मला कळायला हवं होतं, किंवा कळलंही असेल.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिच्या मांडीत सलाईनची सुई घातली आणि तिची मांडी फुगलेली बघत बसायला सांगितलं. ओसरली तर पाणी अंगात जातंय, असं समजायचं. मी बघत बसले.

सकाळी हे फोन करायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत आले ते जिना धावत. “कुंदा, उठतंय! धुकं उठतंय! गाडी निघाली तिकडून!” काखेत वर्तमानपत्र होतं, पश्चिमेचं. धावताना ते खाली पडलं आणि उलगडलं. शिडीवर मी, चिमीचा हात हवेत. मी मांडीवरच्या चिमीकडे न बघता ते वाचलं. भारतीय बाळ विमानानं सुखरूप बाहेर. फ्रँकफुर्टच्या इस्पितळात प्रकृतीला उतार.

“बघा,” मी म्हटलं, “पोचलीसुद्धा.”

फ्राऊ हाइन्त्से आत आल्या. त्यांनी चिमीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ खिडकीपाशी गेल्या, फटीतल्या कागदाच्या पट्ट्या एकेक ओढून काढल्या, आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. बर्फासारखी हवा आत आली.

“अहो, बंद करायला सांगा त्यांना,” मी म्हटलं. “थंडी लागेल तिला.”

फ्राऊ हाइन्त्से खिडकीत उभ्या राहिल्या, दार वाऱ्यानं मिटू नये म्हणून हात लावून. त्यांच्यात ही रीत आहे, मला नंतर कळलं. जाणाऱ्याला वाट द्यायची असते. बाहेर धुकं गेलं होतं, आणि एकामागून एक विमानं उतरू लागली होती.

*

पुढच्या मे महिन्यात रस्ते उघडले. बोलणी झाली, दोघांचं जमलं. यांनी बदली मागून घेतली आणि पावसाळा संपता संपता आम्ही मिरजेला आलो.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चुलीपाशी दूध तापवत बसल्या होत्या आणि मी तांदूळ निवडत होते, तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, “कुंदा, एखादा फोटो आहे का गं तिचा?”

बोटीवर मी हे सगळं मनात किती वेळा घोळवलं होतं. त्यांनी विचारलं तर नाही म्हणायचं, असं ठरलं होतं. मी उठले, ट्रंकेच्या तळातून दोन्ही कात्रणं आणली आणि त्यांच्या हातात दिली. आता त्या म्हणणार होत्या ते मी ऐकून घेणार होते.

त्यांनी चष्मा लावला. एक कात्रण पाहिलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

“खाली काय लिहिलंय?”

“ह्यात लिहिलंय, रशियाच्या दुधानं वाचली.”

“आणि ह्यात?”

“अमेरिकेच्या विमानानं वाचली.”

“दोघांनी वाचवली?”

“हो.”

“मग पोर कुठाय?”

मी तांदळाचं सूप पुन्हा हातात घेतलं. सासूबाईंनी विळी पुढ्यात ओढली आणि दोन्ही कात्रणांखालची अक्षरं विळीच्या पात्यावर सावकाश कापून काढली. पट्ट्या चुलीत घातल्या. त्या भुरकन जळाल्या. वर दूध चढू लागलं होतं. त्यांनी पदरानं पातेलं उतरवलं.

मग आत गेल्या आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. डब्यात एकच फोटो होता, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडांना पिवळा पडलेला. जरीचं कुंचडं घातलेलं मूल. यांचा थोरला भाऊ. मी तो फोटो कधी पाहिला नव्हता. घरात कुणीच पाहिला नव्हता. त्यांनी तो चिमीच्या दोन फोटोंच्या शेजारी जमिनीवर मांडला आणि बोट एकेका गालावरून नेलं. चिमीच्या एका गालावर थांबलं. दुसऱ्या फोटोतल्या गालावर थांबलं. कुंचड्यातल्या गालावर ते नुसतंच फिरत राहिलं.

“त्या दिवशी फोटोवाला घाई करत होता,” त्या म्हणाल्या. “तीट लावायची राहिली माझी. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा नाही.”

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

“पण तू तर लावली होतीस गं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा लावली होतीस.”

चुलीतलं लाकूड खचलं. सासूबाईंनी चष्मा काढला.

“म्हणजे माझं पोर तीट राहिल्यानं गेलं नव्हतं, कुंदा,” त्या म्हणाल्या. “एवढी वर्षं. त्यानं नव्हतंच.”